हिच्या हातचं

भैयाजींनी वरणाची वाटी तोंडाला लावली, रिकामी केली आणि पुढे सरकवली.

"अजून दे वं."

दामिनीचा पळी धरलेला हात पातेल्यावरच थांबला. कुकर उघडल्यावर वरणात मीठ घातलं होतं, हे तिला आत्ता आठवलं. फोडणी दिल्यावर तिनं ते पुन्हा घातलं होतं. पण मागितलं म्हणून तिनं वाढलं. सासऱ्यांनी, तिच्या मामाजींनी, तीही वाटी संपवली, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि बाजेवर जाऊन आडवे झाले.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. मामाजींचीही चव गेली होती.

स्वतःची गेल्याचं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या लाटेत घरातले तिघंही एकदमच तापाने पडले. दामिनी आणि भैयाजी घरीच बरे झाले. तिच्या नवऱ्याला, पियुषला, दवाखान्यात न्यावं लागलं आणि तो परत आला नाही. लॉकडाऊन होतं, दारात रडायलाही कुणी येऊ शकलं नाही. नंतर एकदा दूध करपून पातेलं काळं पडलं, तरी तिला वास आला नाही. जिभेवर मीठ ठेवून पाहिलं, तर ते रेतीसारखं लागलं. येईल हळूहळू, असं डॉक्टर फोनवर म्हणाले. चव काही आली नाही.

दुसरं घर असतं तर सांगून मोकळं होता आलं असतं. पण भैयाजींची जीभ अख्ख्या तांडापेठेला माहीत होती. लग्नाच्या स्वयंपाकात आचारी पहिली वाटी रस्सा त्यांच्यापुढे आणायचे आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय पंगत बसायची नाही. घरात तर विचारूच नका. धने जास्त भाजले, कांदा कच्चा राहिला, चहात इलायची जास्त झाली. लग्न होऊन आल्यापासून चांगलं झालं म्हणून त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं. बाबांनी ताट सरकवलं नाही म्हणजे पास झालीस समज, असं पियुष हसून म्हणायचा.

आणि आता तिचं या घरात राहणं नेमकं त्या ताटावर येऊन ठेपलं होतं.

तेरवी झाली आणि कळमेश्वरहून भावाचा फोन आला. मूल ना बाळ, तिथं आता तुझं काय आहे, पास काढून न्यायला येतो म्हणाला. नणंद प्रीती भिवापूरला दिलेली. तिचंही तेच म्हणणं होतं. दामिनीनं माहेरी जावं, बाबांना ती घेऊन जाईल. दोघांचंही काही चूक नव्हतं. पण दामिनीला जायचं नव्हतं. पियुषचा शर्ट अजून दारामागच्या खिळ्याला होता आणि त्याच्याबद्दल तासन्‌तास ज्याच्याशी बोलावं असं एकच माणूस तिला उरलं होतं. संध्याकाळी बंद रस्त्याकडे बघत दोघं दारात बसायची. म्हातारा पियुषच्या लहानपणीच्या खोड्या सांगायचा, ती त्याच्या मोठेपणीच्या. त्यावर दिवस निघत होते.

भैयाजींनी दोन्ही फोनवर एकच उत्तर दिलं.

"मले हिच्या हातचंच लागते. दुसऱ्याच्या हातचं उतरत नाही."

त्यांची जीभ माहीत असल्यामुळे पुढे कुणी काही बोललं नाही. दामिनी मात्र धास्तावली. तिखट रंग बघून घालायची, मीठ अंदाजानं, आणि जेवताना रोज विचारायची, बराबर झालं ना. बराबर आहे, असं ते रोज म्हणायचे. हात अजून जुळलेला आहे, असं तिला वाटत होतं. वरणानं तो भ्रम घालवला. एवढ्या चवीच्या माणसाची जीभ जावी याचं तिला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर हायसंही वाटलं.

त्यानंतर दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत. भैयाजी पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसायचे, कोरडा भात जरा जास्त मागायचे आणि ताट स्वच्छ करून उठायचे.

जूनमध्ये रस्ते मोकळे झाले आणि प्रीती आली ती बाबांना न्यायचं ठरवूनच. दामिनीनं पाटोडीचा रस्सा केला. भैयाजींचं अर्धं जेवण झालं होतं. प्रीतीनं पहिला घास तोंडात घातला आणि उठून न्हाणीकडे धावली.

परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"हे खाऊ घालून राहिली तू बाबाले? नुसतं मीठ हाय यात."

दामिनी भिंतीला टेकून खाली बसली. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "मले चवच येत नाही, ताई. तापापासून. मामाजींचीही गेली. म्हणून चालून राहिलं."

प्रीतीनं वडिलांकडे पाहिलं. "खरं हाय, बाबा?"

भैयाजींनी उरलेली पाटोडी रश्शात बुडवली, खाल्ली आणि घोटभर पाणी प्यायले.

"हो ना. सारं मातीच लागते. मंग काहून कुठं जाऊ? आमचं दोघाइचं जमून राहिलं इथं."

प्रीतीचा राग कुठल्या कुठे गेला. तिनं दामिनीच्या पाठीवरून हात फिरवला. मी काही नेत नाही बाबांना, तूही कुठे जाऊ नको, असं ती म्हणाली आणि दामिनीला उठू न देता स्वतःच चहा ठेवायला गेली. दामिनीनं पदरानं डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

चहा आला. दामिनीला तो गरम आहे एवढंच कळलं. भैयाजींनी बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"इलायची जास्त पडली वं, प्रीती."