खालच्या खाचराचं भात

सोनबा पुन्हा बांधावर जाऊन आला. भाकरी गोड लागेना, चिलीम ओढवेना. पैजच तशी होती.

वैशाखात महाडच्या सरकारी भातकेंद्रावर तो चारचौघांत बोलून बसला होता, "सायेब, तुमच्या भातानं माझ्या घरच्या भाताला हरवलं, तर ही मिशी उतरवीन!"

मिशी एवढी, की सावित्री नदीत तोंड धुवायला वाकला तर मासे जाळं समजून पळायचे.

केंद्राचे आगाशे साहेब हसले. त्यांनी नव्या बियाण्याची पिशवी दिली. सोनबानं ती बायकोच्या हवाली केली. बयाबाईनंच पेरलं, रोपं केली. वरच्या खाचरात घरचं भात लावायचं, खालच्यात सरकारी, असं ठरलं.

लावणीला साहेब स्वतः पोलादपूरला आले. चिखलात उभं राहून दोन्ही खाचरं बघितली आणि सोनबाच्या ओटीवर जेवले.

"बाई, भात काय सुरेख झालाय!" म्हणत उकडा भात दोनदा मागून घेतला.

बयाबाई चुलीकडं तोंड करून म्हणाली, "गरिबाघरचा हाय, सायेब."

साहेबांची पाठ वळली तसा सोनबानं उकिरडा उपसला. पाटीवर पाटी शेणखत वरच्या खाचरात ओतलं.

"आता बघशील गो, कोण हरतंय!"

बयाबाई रिकामी पाटी उचलून गोठ्याकडं वळली.

मग पाऊस असा कोसळला, की सगळं खत बांधावरून वाहून खालच्या खाचरात. भादव्यात खालचं भात माणसाच्या छातीला लागलं, वरचं गुडघ्यातच रेंगाळलं. तेव्हापासून सोनबाच्या डोळ्याला डोळा लागेना.

कापणीला साहेब काटा घेऊन हजर. वरच्या खाचराचा भारा तोलून झाला. खालचा चढवला नि काटा धाडकन खाली बसला.

"सरकारी भात जिंकलं, सोनबा! पुढच्या साली सगळ्या तालुक्यात हेच पेरायचं."

कोंडाजी न्हावी वस्तरा परजून बसलाच होता. "मान वर, सोनबादादा. आज सावित्रीतले मासे दिवाळी करणार!"

गाव खो खो हसलं. एक बाजू उतरली. दुसऱ्या बाजूला वस्तरा टेकणार, तोच बयाबाई धावत आली आणि नवऱ्याच्या कानाशी वाकली.

"आवो, थांबा! दोन्ही खाचरांत आपलंच भात हाय. सरकारी पिशवीतलं बियाणं मी चुकून उकडून कांडलं होतं. लावणीला सायबानं दोनदा मागून खाल्ला, तो तोच!"