एकाच्या बदल्यात दोन

कपाट ढकलून भिंतीला लावलं आणि तेवढ्यात दार वाजलं.

"हस," इदाल्मिस म्हणाली.

"आत्तापासूनच?" रिगोबेर्तोने विचारलं.

गेली नऊ वर्षं ते कपाट घराच्या मधोमध उभं होतं. अलीकडे ती, पलीकडे तो. कोर्टाने घटस्फोटाचा कागद एका सकाळीत हातावर ठेवला होता. राहायला दुसरी जागा मात्र अख्ख्या हवानात कुणी देईना. घर विकायला कायद्याने बंदी, घ्यायलाही बंदी. बदलता तेवढं येतं. म्हणजे एका घराच्या बदल्यात दोन खोल्या देणारं कुणीतरी हवं, आणि तसं देणार कोण, तर लग्न ठरलेलं जोडपं. एकाची खोली रेग्लात, दुसरीची मारियानाओत. एक संसार मोडून वेगळा व्हायचा तर कुठेतरी दुसरा जुळावा लागतो. तेवढंच खोळंबलं होतं.

दलालाने एकच गोष्ट बजावली होती. "काडीमोड झालेल्या घरात नवी नवरी पाय ठेवत नाही. तासभर संसार करून दाखवा, मग बसा बोंबलत."

रेग्लातल्या खोलीला आतून कडी होती. इदाल्मिस दोनदा होडीने खाडी ओलांडून गेली होती आणि ती कडी लावून, काढून, पुन्हा लावून आली होती.

दारात ते लग्न ठरलेलं जोडपं होतं. मुलगी दाइनेलिस, मुलगा यांकिएल. मुलीने घर बघितलं, मुलाने छत बघितलं.

"इथली फरशी अगदी नवी दिसतेय हो काकू, एवढीच पट्टी," दाइनेलिस म्हणाली. कपाटाची जागा होती ती.

"तिथे आम्ही पाय ठेवत नाही," रिगो गंभीरपणे म्हणाला. हे खरंच होतं.

"आणि एवढं छान घर सोडता कशाला?"

"मुलासाठी," रिगो म्हणाला. "एक खोली त्याला, एक आम्हाला."

मुलगा हे ठरलेलं नव्हतं. मुलगा नव्हताच.

"नाव काय त्याचं?"

"ओस्मानी," इदाल्मिस म्हणाली. "लासारो," रिगो म्हणाला. दोघं एकदम.

"ओस्मानी लासारो," रिगोने न अडखळता जोडून टाकलं. "हिच्या हट्टापायी दोन दोन नावं."

"हट्ट माझा? मी दवाखान्यात पडलेली, आणि हा गेला स्वतःच्या बापाचं नाव लावून यायला!"

"त्या नावामुळेच पोरगा दंतवैद्य झाला."

"दंतवैद्य! आणि बापाचे दात बघा."

रिगोने आ करून दाखवले. इदाल्मिसला हसू फुटलं. खरं हसू होतं ते, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

मग रिगोने कॉफी आणली. रेशनचीच, निम्मी भाजलेल्या वाटाण्याच्या भुकटीची. इदाल्मिसच्या कपात त्याने अडीच चमचे साखर घातली, ढवळली, दोनदा फुंकर मारली आणि कप तिच्या डाव्या हाताशी ठेवला.

दाइनेलिस ते बघत होती. तिने सावकाश मान वळवली.

"यांकी, मी कॉफी कशी पिते?"

यांकिएलने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "कपातून."

"चार वर्षं झाली आपल्याला."

"अगं, ग्लासातून पितेस का मग?"

"हे काका बघ. त्यांना एक पोरगा आहे, पडके दात आहेत, आणि तरी ते तिच्याकडे कसे बघतात बघ. तू बघितलंयस कधी तसं?"

"म्हातारे आहेत ते. त्यांना दुसरं काम काय?"

दाइनेलिस उभी राहिली. "काकू, घर मला फार आवडलं. ह्याच्याबरोबर नको."

इदाल्मिसला रेग्लाची कडी हातातून निसटताना दिसली. तिने खण ओढला, कागद काढला आणि पोरीपुढे धरला.

"थांब गं बाळ. हे वाच. नऊ वर्षं झाली आमच्या घटस्फोटाला. हा माणूस मला डोळ्यांसमोर नको असतो. पोरगा नाही, दंतवैद्य नाही, काही नाही. सगळं नाटक!"

"फुंकर मी जरा जास्तच मारली," रिगोने कबुली दिली.

दाइनेलिसने कागद शिक्क्यापर्यंत वाचला. मग कपाकडे बघितलं. आवाज एकदम बारीक झाला तिचा.

"म्हणजे एवढं सगळं माहीत असूनही मोडतं?"

रिगोने चमचा खाली ठेवला.

"मग आमच्याकडे तर काहीच नाही," ती म्हणाली. कागद होता तसा घडी करून तिने परत दिला, इदाल्मिसच्या गालाचा मुका घेतला आणि जिना उतरून गेली.

यांकिएल बसून राहिला. स्वतःची कॉफी संपवली, मग तिचीही. वाया कशाला घालवायची.

"कपाट तरी देता का?" त्याने विचारलं.

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी कपाट धरलं, एक दोन तीन म्हणून उचललं आणि जागेवर नेऊन ठेवलं. चांगलं जड होतं. एकट्याने कधी हललं नसतं.

"पुढच्या वेळी जरा भांडूया," पलीकडून रिगोचा आवाज आला. "बघणाऱ्यांना धीर येईल."

"चालेल. कशावरून?"

पलीकडे तो विचार करू लागला. अलीकडे तीही करू लागली. दुपार टळून गेली तरी दोघांना काही सुचलं नाही.