तीन पुकारे

"कलम अकरा काढून टाकू," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. "घरगुती खटल्यांत नाव पुकारायचं नाही, नंबर पुकारायचा. कायद्यात घालण्यासारखी गोष्ट आहे का ही? नाव पुकारल्याने कोणाच्या अंगाला भोकं पडली आहेत?"

समितीतले बाकीचे हसले. विधेयकाचा मसुदा आज छापायला जायचा होता.

टेबलाच्या टोकाशी कौटुंबिक न्यायालयातल्या पुकारेवाल्या मावशी उभ्या होत्या. अकरावं कलम त्यांच्याच अर्जावरून मसुद्यात आलं होतं.

"साहेब, एकदा पुकारून दाखवू का?"

"दाखवा. पण लवकर आटपा."

मावशींनी डोळे मिटले. ओठ क्षणभर नुसतेच हलले. मग त्यांनी सभागृहाचं दार सताड उघडलं आणि बावीस वर्षं कमावलेल्या आवाजात अध्यक्षांचं नाव पुकारलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मग 'विरुद्ध'. मग अध्यक्षांच्या पत्नीचं नाव. सभागृहाचं उद्घाटन दोघांनी मिळून केलं होतं, दाराबाहेरच्या कोनशिलेवर दोन्ही नावं कोरलेली होतीच. शेवटी, "हजर व्हा."

लांबलचक व्हरांड्यात दारादारांतून माना बाहेर आल्या.

"अगं बाई," कोणीतरी म्हणालं, "यांच्यातही?"

"बस, बस." अध्यक्ष खुर्चीतून अर्धवट उठले. "कळलं."

"माझी लेकही बस म्हणाली होती," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "गेल्या सोमवारी तिची तारीख होती. पण नियमाने तीनदा पुकारावं लागतं, साहेब. पुकारणारी आई असली तरी."

मघा हसलेल्यांनी नजरा मसुद्यात घातल्या. मग अध्यक्षांचा फोन वाजला.

"अगं, नाही गं… तसलं काही नाही… पण तुला कोणी सांगितलं?"

फोन ठेवून त्यांनी दाराकडे पाहिलं. माना अजून तिथेच होत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"कलम अकरा राहील. कोणाचा विरोध?"

एकही हात वर झाला नाही.

मावशी व्हरांड्यातून निघाल्या त्या मान ताठ ठेवून. जिन्यात एक कारकून धापा टाकत वर आला.

"मावशी, आत्ता कोणाचं नाव पुकारलंत हो? खाली नीट ऐकू नाही आलं."

"नाव नाही विचारायचं, दादा," पदर सावरत मावशी म्हणाल्या. "नंबर विचारा."