खालचा सूर

"डूम, डूम, डुडु डूम," मुनीरभाई म्हणाले. मग थांबले, मान हलवत गप्प बसले आणि पुन्हा म्हणाले, "डूम."

दुआने फोनवरचं रेकॉर्डिंग बंद केलं. "दादाजान, धिस इज नॉट अ साँग."

दुसऱ्या दिवशी शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता. माझे आजोबा सिक्स्टीजमध्ये बँडमध्ये गायचे, असं दुआ वर्गात सांगून बसली होती. मुनीरभाईंनी ही गोष्ट खानदानातल्या प्रत्येक लग्नात सांगितली होती. माझगावातली चार पोरं, एकसारखे कोट, चौघांचे चार सूर. गाणी इंग्रजी, पण स्वतः रचलेली. गाऊन दाखवा म्हटलं की मात्र ते हसून उठायचे. ते एकट्याने गायचं गाणं नाही, म्हणायचे. आज नातीसाठी पहिल्यांदा गायले आणि फजिती झाली.

"चाल म्हणा ना, अब्बा," त्यांचा मुलगा फरदीन म्हणाला.

"चाल ऑस्करची, आमच्यात पुढे तो गायचा. माझा खालचा सूर."

चौघांचा नियमच होता. दुसऱ्याची ओळ न्हाणीघरातसुद्धा गुणगुणायची नाही, नाहीतर ऐन वेळी जीभ तिकडे घसरते. मुनीरभाईंनी तो इमानाने पाळला. आता बाकीचे तिघे मातीत गेले होते. रेकॉर्ड कधी निघालीच नव्हती, त्यामुळे फोनमध्ये शोधूनही काही सापडणार नव्हतं.

"खलास, अब्बा. मी टीचरला मेसेज करतो, तब्येत बरी नाही म्हणून," फरदीन म्हणाला. "उगाच पोरीचं हसं नको."

 दुआने आजोबांकडे बघितलंही नाही, आणि तेच त्यांना फार लागलं. खिडकीबाहेर मरीनाच्या धक्क्याजवळ पाण्यात एक बोट संथ चालली होती. तिच्याकडे बघत त्यांनी पुन्हा सुरू केलं, या वेळी कोणासाठीच नाही. डूम, डूम, डुडु डूम.

आणि त्यांच्या थांबण्याच्या जागी कोणीतरी गायलं.

डायनिंग टेबलाशी त्यांची बायको मैमुनाबी कोलंबी सोलत बसल्या होत्या. त्यांचं गाणं घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं. आवाज बारीक, शब्द अर्धेमुर्धे, पण चाल पक्की. मुनीरभाईंचा डूम तिच्याखाली पाटासारखा बरोबर बसला. दुआने हळूच रेकॉर्डिंग सुरू केलं. गाणं संपेपर्यंत फरदीनचा हात मोबाइलवर तसाच राहिला.

"अम्मी, तुला हे कुठून येतं?"

मैमुनाबींनी कोलंबी खाली ठेवली. "यांच्या बँडची तालीम चालायची त्या हॉलसमोर माझा शिवणाचा क्लास होता. येता-जाता खिडकीखाली उभी राहायचे." त्या नवऱ्याकडे वळल्या. "रस्त्यावर फक्त चाल ऐकू यायची. ऑस्करचा आवाज. जीव जडला होता त्या आवाजावर, आता लपवून काय करू? मग मावशीने तुमचं स्थळ आणलं. तुम्ही म्हणालात, मी पण त्यात गायचो. मला वाटलं, थाप मारता. तुमचा आवाज कधी आलाच नव्हता माझ्यापर्यंत."

त्यांचे डोळे भरले होते. एवढी वर्षं त्यांनी नवऱ्याला मनातल्या मनात खोटारडा म्हटलं होतं, आणि ती चाल चोरून जपली होती.



"तुझी शिवणाची पिशवी निळी होती," मुनीरभाई म्हणाले. "बंद तुटलेला. काखेत धरायचीस."

मैमुनाबींचा हात नकळत काखेशी गेला.

"मावशीला मीच पाठवलं होतं. ऑस्कर डोळे मिटून गायचा, मैमुना. खालच्या सुराला काम थोडं. त्याला खिडकीकडे बघायला सवड असते."