बस रद्द झाली त्या दिवशी

सकाळी गाइडचा फोन सासूबाईंनी घेतला. "आजची बस रद्द झाली म्हणे," त्यांनी मला सांगितलं. परक्या शहरातला अख्खा दिवस वाया जाणार म्हणून माझी चिडचिड झाली, पण त्यांनी पिशवी उचललीसुद्धा. "चल गं, कोपऱ्यावरून पाव तरी आणू. दोन जिवांची आहेस, उपाशी राहू नकोस."

रस्त्यावर शुकशुकाट होता. पाववाला दुकान आवरत होता. त्याने उरलेले सगळे पाव आमच्या पिशवीत कोंबले आणि पैसे घेतलेच नाहीत. "किती प्रेमळ माणसं आहेत बाई इथली!" सासूबाई म्हणाल्या. खोलीवर परतलो, तर सफाईवाली बाई आमचा बाथटब काठोकाठ भरत होती. "बघ, तुझ्या अंघोळीची केवढी काळजी!" मी हसले, पाव खाल्ला, वर कपभर दूधही प्यायले.

तेवढ्यात बाहेर काहीतरी ओढल्याचा आवाज आला. दार उघडलं. हॉटेलची माणसं खोल्याखोल्यांतल्या गाद्या काढून पॅसेजमध्ये, खिडक्यांपासून लांब अंथरत होती.

"आई, हे काय चाललंय?"

सासूबाईंनी माझा हात धरला.

"शहरावर बॉम्ब पडणार आहेत, बाळा. पाणीही कधी बंद होईल, सांगता येत नाही. गाइड सकाळीच बोलला होता. म्हटलं, आधी तुला दोन घास सुखाने खाऊ दे."