रडणारी आई

"आई," कॅमेऱ्यासमोर लेकीचं काम करणाऱ्या मुलीनं हाक मारली. ऑडिशनला आलेली हेमलता वळली, हसली, पण रडली नाही.

"रडायचंय हो मावशी," दिग्दर्शक म्हणाला. "श्रवणयंत्राची जाहिरात आहे. कित्येक वर्षांनी लेकीचा आवाज ऐकताय. बाकीच्या सगळ्याजणी रडल्या."

हेमलतानं कानांवरचे केस बाजूला सारले. तिच्या दोन्ही कानांमागे खरीच यंत्रं होती. "मला पुन्हा ऐकू आलं, तेव्हा मी रडले नव्हते."

दिग्दर्शक गडबडला आणि एकेक शब्द तोडत ओरडला, "मग... काय... केलंत?"

"ओरडू नका, नीट ऐकू येतंय. दाखवते."

मुलीनं पुन्हा हाक मारली. हेमलता सावकाश वळली आणि कमरेवर हात ठेवून, डोळे बारीक करून म्हणाली, "हं. आता बोल बघू माझ्या पाठीमागे!"

खोलीत हशा पिकला. दिग्दर्शक तेवढा हसला नाही. "आम्हाला रडणारीच आई हवी," तो म्हणाला.

"मग मी नाही," म्हणत तिनं पर्स उचलली. ती जिन्यात आली तरी वरचं हसणं थांबलं नव्हतं. ते पुरतं ऐकून घ्यायला ती पायरीवर उभी राहिली.