आबांना पोचलेला निरोप

भर दुपारी शैलजाच्या नवऱ्याने, धनाजीने, न्हाणीघराच्या दारावर लोखंडी पाईप घातला. आत ती दाराला पाठ लावून उभी होती. तिचा डावा हात मोडला होता आणि गल्लीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात तिच्या किंकाळ्या बुडत होत्या. तिने दोन गल्ल्यांपलीकडे राहणाऱ्या वडिलांना फोनवर लिहिलं, "आबा, पळत या! हा मला मारून टाकतोय."

"सगळं छान आहे ना, मग संध्याकाळी निवांत येतो," आबांचं उत्तर आलं.

आपला निरोप गोड होऊन पोचला, हे शैलजाच्या लक्षात आलं. फोन नात्याला शोभेल अशी भाषा करून निरोप पोचवतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण समोरच्याला नेमकं काय पोचतं, ते पाठवणाऱ्याला कधी दिसत नसे. तिने आबांच्या नावापुढचं 'वडील' पुसून 'वैरी' केलं. वैऱ्यासाठी फोन काहीच गोड करत नसे. तिने तेच शब्द पुन्हा पाठवले.

दार फुटलं. धनाजीने केस धरून तिला फरशीवर आपटलं आणि पाईप उगारला, तेवढ्यात मागून आबांचं दांडकं त्याच्या मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज झाला. आबा थांबले नाहीत. शेजाऱ्यांनी ओढून धरलं, तेव्हा कुठे त्यांच्या हातातलं दांडकं सुटलं.

मग ते रक्ताळलेल्या लेकीजवळ बसले.

"चार महिने 'मजेत आहे' म्हणून कळवत होतीस गं!"

"मी रोज मारहाणीचंच लिहीत होते, आबा," शैलजा म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही वाचूनही गप्प बसलाय."